उत्तरेचं मावंदं

आमच्या कोतवड्यात चारुदत्त बेहेऱ्यांना लहानथोर सगळे भाऊ म्हणतात. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून त्यांच्या आणि आमच्या घरात फक्त एक गडगा आहे, जांभ्या दगडाचा, कमरेएवढा. त्या गडग्यावरून विरजण, कढीपत्ता, आजाऱ्याची पेज आणि बातम्या अशी सगळी ने-आण होत आली. रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की वहीत दिवसाचं थोडं लिहायची मला सवय आहे. पण भाऊंचं लिहायला घेतलं की ते एका दिवसात मावत नाही. म्हणून हे वेगळं लिहिते.

भाऊंची आंब्याची बाग आहे. फार मोठी नाही. काही कलमं वडिलांनी लावलेली, काही भाऊंनी स्वतः कातळ फोडून, बाहेरून माती आणून जगवलेली. पण गावात त्यांची ओळख बागेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीसाठी. त्यांना खोटं बोलता येत नाही. 'बोलत नाहीत' असं मी म्हणणार नाही, त्यात मोठेपणा येतो, आणि तो त्यांच्यात कधी नव्हता. कुणाला पोहता येत नाही, कुणाला शीळ घालता येत नाही, तसं त्यांना ते येत नाही, एवढंच.

एकदा वाशीहून व्यापारी आला होता बाग बघायला. मी गडग्यापलीकडे वाल सोलत बसले होते, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. तो बिचारा खूश होऊन झाडं बघतोय, आणि भाऊ त्याला सांगतायत, "ही विहिरीकडची घेताय, पण ह्यात साका निघतो. वरून फळ सोन्यासारखं, आत कापलंत की पांढरा गोळा. मागच्या साली बराच निघाला."

व्यापारी म्हणाला, "अहो, तुम्ही मला माल विकायला आणलंत की अडवायला?"

"तसं नव्हे, पण तुम्ही पुढे गिऱ्हाइकाला तोंड देणार ना?"

तो गेल्यावर सुमेधाताई, म्हणजे भाऊंच्या पत्नी, पडवीत येऊन म्हणाल्या, "ऐकलंस का गो यमू? लग्न ठरवायला आले तेव्हा हे माझ्या बाबांना म्हणाले होते, मला घोरायची सवय आहे. तेव्हाच मी समजले, माणूस नुकसानीचा आहे पण टिकाऊ आहे."

सुमेधाताई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. अंगाने किरकोळ, आवाज मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्यांच्या आयुष्यात एकच हट्ट होता, आणि तो त्यांच्या मामाने लावून दिलेला. मामा दाभोळचे, बोटीवर नोकरीला. सुमेधाताई सात-आठ वर्षांच्या असताना ते एकदा लांबच्या सफरीवरून आले आणि भाचीला मांडीवर घेऊन म्हणाले, "अगो, अगदी उत्तरेला गेलो होतो आम्ही. तिथे रात्री आकाशात कुणीतरी हिरवं लुगडं धुऊन वाळत घालतं, आणि ते वाऱ्याने हलत राहतं." पुढे शाळेच्या पुस्तकात त्याला ध्रुवीय प्रकाश म्हणतात असं त्या मुलांना शिकवत राहिल्या. पण मुलांना शिकवायचं ते शिकवून झालं की शेवटी मामाचं लुगडं यायचंच. ते आपण एकदा डोळ्यांनी बघायचं, हा त्यांचा हट्ट.

आता अडचण अशी की तो उजेड तिकडे दिसतो हिवाळ्यात. उन्हाळ्यात तिकडे रात्रच होत नाही म्हणे. आणि हिवाळ्यात आमच्याकडे कलमांना मोहर. थंडी पडली की मोहर, मोहरावर तुडतुडे, मग फवारणी, मग बारीक फळाची कणी धरली की ती गळते का बघायचं, मग तोड. सप्टेंबरात जावं तर घरात गणपती. भाऊ दर वर्षी म्हणायचे, "पुढल्या साली नक्की." ते खोटं नव्हतं, त्यांना तसंच वाटायचं. सुमेधाताई हसून म्हणायच्या, "तिकडचं आकाश आणि आमची कलमं, दोघांना मोहर एकाच वेळी. मी कुणाकुणाशी भांडू?"

अशी किती पुढली सालं गेली. सुमेधाताई शाळेतून निवृत्त झाल्या. ऋजुता, त्यांची एकुलती एक मुलगी, नवऱ्याच्या नोकरीनिमित्त स्वीडनला गेली. एका दिवाळीत तिने दोघांची तिकिटं काढून पाठवली आणि फोनवर बापाला दम दिला, "बाबा, आता मोहराचं कारण सांगितलंत तर मी इथून येऊन झाडं तोडीन."

भाऊ तयार झाले. बागेत बाबल्या आहे, त्यांच्याकडे पोरवयापासून कामाला आणि आता नातवंडांचा आजा. तो म्हणाला, "तुमी जावा हो भाऊ. झाडां काय पलून जातत? मी हाय." सुमेधाताईंनी लोकरीचे मोजे आणले, ते घालून पडवीत चालून बघितलं आणि घसरल्या. आम्ही पोट धरून हसलो. त्या हसत असतानाच पोटाला हात लावून खाली बसल्या. मला वाटलं, हसूनच दुखतंय.

पोटात गाठ निघाली. पसरलेली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, दुखणार नाही एवढं बघू. भाऊ बाहेर आले आणि सुमेधाताईंना जसंच्या तसं सांगितलं. माझे यजमान बरोबर होते, ते घरी येऊन मला म्हणाले, "निदान दोन दिवस तरी थांबून सांगायचं! पण नाही." सुमेधाताई मात्र मला म्हणाल्या, "बरं झालं गो. मला कुणाच्या तोंडाकडे बघून ओळखायचा त्रास नाही. ह्यांनी सांगितलं म्हणजे आहे तेवढंच, ना कमी ना जास्त."

तिकिटं रद्द करायची असं भाऊंनी ठरवलं. तेव्हा सुमेधाताईंनी खाटेवर बसून सगळ्यांना बोलावलं.

आमच्याकडे जुनी पद्धत आहे. कुणी काशीला निघालं की ज्यांना जायला जमत नाही ती माणसं सांगतात, माझ्या नावाने एक बुडी मारा. जाणारा गंगेत उतरतो, आधी आपली बुडी मारतो, मग एकेकाचं नाव घेऊन त्याची. ते पुण्य त्याला पोचतं असं आम्ही मानतो. माझ्या सासूबाईंची बुडी अशीच शेजाऱ्यांनी मारली होती.

सुमेधाताई म्हणाल्या, "तुम्ही जा. माझ्या नावाने बघून या."

"वेड लागलंय तुला? तुला अशी टाकून?"

"टाकून कुठे? यमू आहे, गंगुबाई आहे. दहा-बारा दिवसांचा प्रश्न. आणि आल्यावर मावंदं घालायचं. सगळ्यांसमोर मला सांगायचं, काय बघितलं ते."

काशीयात्रा करून आलं की गंगा पुजायची, चार माणसं जेवायला घालायची, यात्रेची हकिगत सांगायची, त्याला मावंदं म्हणतात. घरकामाला येणारी गंगुबाई तिथेच केर काढत होती. ती म्हणाली, "बाई, देव नाय, देऊल नाय, आनि मावंदा कसला? आकाश बगायचा तर हितं काय कमी हाय?"

"गंगुबाई, आकाश कुणी बांधलं? तुमच्या रावजीने?" गंगुबाईचा नवरा रावजी गवंडी. ती तोंडाला पदर लावून हसली.

भाऊ हसले नाहीत. त्यांनी मला गडग्यापाशी गाठून विचारलं, "वहिनी, काय करू?" मी म्हटलं, "त्यांची इच्छा आहे. जाणाऱ्याच्या पायांपेक्षा पाठवणाऱ्याचं मन मोठं असतं. जा." मला तेव्हा तसंच वाटलं, आजही वाटतं.

जानेवारीच्या शेवटी भाऊ गेले. मी दुपारी आणि रात्री सुमेधाताईंजवळ असायचे. त्यांना पेज भरवायची, पाठ चोळायची, त्यांनी डोळे मिटले की जपमाळ घेऊन बसायचं. भाऊंचा रोज फोन यायचा. किरुना नावाच्या गावाच्याही पलीकडे, एका गोठलेल्या तळ्याकाठी ते ऋजुता आणि इतर प्रवाशांबरोबर उतरले होते. फोनवर भाऊ सांगायचे, "आज ढग." दुसऱ्या दिवशी, "आजही ढग." सुमेधाताई फोन ठेवून म्हणायच्या, "बघ. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, थोडंसं दिसलं." आणि त्यांना त्यातच समाधान वाटायचं. ढगांच्या बातमीवर त्यांचा जीव ताजा व्हायचा, कारण त्यानंतर येणारी बातमी तेवढीच खरी असणार होती.

शेवटच्या रात्री ऋजुताने फोटो पाठवला. सबंध आकाश हिरवं, खाली बर्फ हिरवं, मध्ये भाऊ जाडजूड कपड्यांत उभे. मी आनंदाने सुमेधाताईंसमोर फोन धरला. त्यांनी बघितला, आणि परत दिला.

"छान आहे. पण असं तर कॅलेंडरवर पण असतं. हे आले की ह्यांच्या तोंडून ऐकू."

भाऊ आले ते वाळल्यासारखे. प्रवासाचा शीण असेल असं मला वाटलं. सुमेधाताईंनी विचारलं तर म्हणाले, "मावंद्याला सांगीन ना. तूच म्हणालीस." त्याही म्हणाल्या, "बरोबर. आधी फुटलं तर मजा नाही."

मावंद्याच्या आदल्या दिवशी भाऊ केळीची पानं कापायला आमच्या परसात आले. मी दांडे धरत होते. त्यांनी दोन पानं कापली आणि कोयती खाली ठेवली.

"वहिनी, मला काही दिसलं नाही हो."

"म्हणजे? फोटोत तर…"

"फोटोत आहे. डोळ्यांना नाही. त्या रात्री आकाश मोकळं झालं. एक मुलगी ओरडली तसे सगळे वर बघायला लागले. मी पण बघितलं. आपण पेरणीआधी शेतात पाला जाळून भाजवळ करतो ना, त्याचा धूर लांबून डोंगरावर दिसतो, तसं काहीतरी होतं. राखाडी. हलत होतं, एवढं खरं. मी म्हटलं हा ढग असेल, उजेड मागाहून येईल. मी वाट बघत राहिलो. बाकीचे टाळ्या पिटत होते. मग ऋजुता म्हणाली, बाबा, बघितलंत ना? तेव्हा मला कळलं, की ते तेच."

"आणि हिरवं?"

"ते फोनला दिसतं. वाटाड्या म्हणाला, उजेड मंद असला की माणसाच्या डोळ्याला रंग ओळखता येत नाही, म्हाताऱ्या डोळ्यांना तर नाहीच." ते केळीच्या सोपटाला नखाने खरवडत राहिले. "मला तिच्या नावाने बघायचं होतं. मी माझं पण बघितलं नाही आणि तिचं पण नाही. ऋजुता रोज फोनवर सांगते, बाबा, आईला सांगा, छान हिरवं दिसलं. एवढं एक तुम्हाला जमणार नाही?"

मी म्हटलं, "देव सुचवील तसं सांगा." भाऊंनी पानं खांद्यावर टाकली आणि ते निघून गेले.

मावंद्याला तीसएक माणसं आली असतील. सुमेधाताईंची खाट माजघरातल्या दाराशी ओढून घेतली होती, म्हणजे त्यांना पडवीतलं ऐकू येईल. भाऊंनी तळ्याकाठचं बर्फ बाटलीत भरून आणलं होतं, अर्थात त्याचं आता पाणी झालेलं. ते तांब्याच्या गडूत ओतून पाटावर ठेवलं. पूजेला शुभंकर गुरुजी, वयाने तरुण, पण विधीत चोख. त्याने पळी-पंचपात्र मांडलं आणि अडला.

"भाऊ, नदी कुठली म्हणू?"

"नदी नाही रे. तळं."

"तळ्याचं नाव?"

भाऊंनी काहीतरी नाव सांगितलं. ते शुभंकरला उच्चारता येईना. "हे संस्कृतात कसं बसवू? आणि तिथे तीर्थ म्हणून काही…"

"तीर्थ वगैरे काही नाही. लोक भोकं पाडून मासे धरतात."

पंगतीतली माणसं हसायला लागली. आतून सुमेधाताईंचा आवाज आला, आजाराने बारीक झालेला पण तोच, "शुभंकर, सगळी तीर्थं म्हण आणि पुढे चल. वरण निवतंय."

पूजा झाली. गडूतलं पाणी तीर्थ म्हणून सगळ्यांना पळी-पळी दिलं, ते तिथेच संपलं. पानं वाढली. भात-वरण झालं, पुरण झालं, आणि रावजी गवंड्याने मोठ्याने विचारलं, "भाऊ, मग सांगा की! कसा दिसला?"

सगळे थांबले. भाऊ वाढत होते, तुपाची वाटी हातात. मी दाराशी होते, माझ्या एका बाजूला पंगत आणि दुसऱ्या बाजूला सुमेधाताईंची खाट. भाऊंनी माझ्याकडे नाही, खाटेकडे पण नाही, तुपाच्या वाटीकडे बघितलं.

"दिसलं," ते म्हणाले. "हिरवं. छान दिसलं."

"हलत होता काय?"

"हो. लुगड्यासारखं."

लोक वा वा म्हणाले. कुणी फोटो मागितला, फोन हातोहात फिरला. भाऊ पुढच्या पानावर तूप वाढायला गेले.

सुमेधाताईंनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि दार लोटायला सांगितलं. मी लोटलं. त्या छताकडे बघत होत्या.

"खोटं बोलले गो."

मी म्हटलं, "काहीतरीच काय!"

"दिसलं असतं तर तीन शब्दांत आटपलं असतं का? बागेत एक फांदी मोडली तर तासभर सांगतात. आणि लुगडं! ते माझ्या मामाचं. ह्यांनी स्वतः बघितलं असतं तर ह्यांचं वेगळं काहीतरी असतं." त्या थांबल्या. बोलायला दम लागत होता. "इतकी वर्षं जे जमलं नाही ते माझ्या मरणाने ह्यांना शिकवलं. आता उद्या हे म्हणतील, आज तू बरी दिसतेस. मी काय मानायचं?"

मी त्यांचा हात धरला. मला आदल्या दिवशीचं सगळं सांगून टाकावंसं वाटलं, पण ते माझं सांगायचं नव्हतं.

"तू त्यांना काही बोलू नको," त्या म्हणाल्या. "मला कळलंय हे त्यांना कळायला नको."

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. वरून बघणाऱ्याला काही दिसलं नसतं. भाऊ वेळेवर औषध देत होते, कूस बदलवत होते, त्या देखील हूं म्हणत होत्या. पण त्या घरातलं बोलणं आटलं. आधी भाऊ बागेतून आले की खाटेपाशी बसून कणी किती धरली, बाबल्याचं त्याच्या सुनेशी काय वाजलं, सगळं सांगायचे. आता पडवीतच बसायचे. सुमेधाताईंनी काही विचारणं सोडलं होतं. एकदा भाऊ खरोखरच म्हणाले, "आज तोंडावर जरा तरतरी आहे," आणि सुमेधाताईंनी भिंतीकडे तोंड केलं. मी देवापाशी बसले की शब्द सुचत नसत. ताईंचं दुखणं कमी कर म्हणावं, की दोघांचं बोलणं सुरू कर म्हणावं? दोन्ही मागायला जीभ धजत नव्हती, कारण पहिलं होणार नव्हतं आणि दुसरं झालं तर त्यातून काय निघेल ह्याची भीती.

एका दुपारी मी पेज भरवत होते. दोन चमचे झाले आणि त्यांनी मान फिरवली. भाऊ बागेतून आले, हातपाय न धुताच खाटेपाशी येऊन उभे राहिले. मी उठायला लागले तर म्हणाले, "बसा वहिनी. तुम्हाला माहीत आहेच."

मग सुमेधाताईंना म्हणाले, "मी त्या दिवशी खोटं बोललो. मला हिरवं दिसलं नाही. राखेसारखं दिसलं. ढग वाटला मला तो."

"माहीत आहे," सुमेधाताई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तुम्ही बोललात तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलताय ते बघत होते."

भाऊ खाटेच्या कडेवर बसले. बागेतली माती त्यांच्या पायांना तशीच होती. सुमेधाताईंनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "आता सांगा. राखेसारखं म्हणजे कसं? नीट सांगा."

आणि भाऊ सांगायला लागले. ते धुराचं सांगितलं. ते एका डोंगरामागून निघून डोक्यावरून दुसऱ्या बाजूला गेलं, मध्येच विरलं, पुन्हा जमलं, ते सांगितलं. पायांखाली तळं होतं आणि बर्फ आतून कण्हल्यासारखं वाजत होतं, थंडीने नाकातले केस टोचत होते, वाटेत रेनडिअर रस्त्यावर बसलेले, आपल्याकडे गुरं बसतात तसेच, आणि गाडी हॉर्न न वाजवता थांबून राहिली. ते पूर्वीसारखे तासभर बोलले. सुमेधाताई मध्ये मध्ये विचारत होत्या. किती दिवसांनी त्या घरात कुणीतरी बोलत होतं. मी पेजेचं भांडं मांडीवर घेऊन तशीच बसले होते, मला वाटलं, देवाने ऐकलं.

मग सुमेधाताई म्हणाल्या, "मामाला हिरवं कसं दिसलं मग? थाप मारली त्याने?"

"नाही. थाप नसेल. कधी कधी तो उजेड जोरात येतो, तेव्हा सगळ्यांनाच हिरवं दिसतं म्हणे. आणि मामा तरुण होता. तरुण डोळ्यांना लवकर कळतं."

"म्हणजे आपण आधी गेलो असतो तर…"

मी भाऊंकडे बघितलं. मनातल्या मनात म्हटलं, नको. आता एकदा नको. पण त्यांना ते येत नाही. त्या दिवशी एकदाच आलं होतं, ते पण धड नाही.

"तर दिसलं असतं, बहुतेक," भाऊ म्हणाले. "तुला तर दिसलंच असतं."

"म्हणजे उशीर झाला."

"हो. माझ्यामुळे झाला."

आम्हा बायकांना अशा वेळी जे सवयीने तोंडात येतं, 'काहीतरीच, तुमच्यामुळे कसं?', ते सुमेधाताई म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. कुणीही म्हटलं असतं. मी म्हटलं असतं.

"हो," त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळेच."

त्यांनी हात सोडला नाही. भाऊंनी पण सोडला नाही. बाहेर बाबल्या त्यांना हाक मारत होता, "भाऊ, वो भाऊ." मग सुमेधाताई म्हणाल्या, "पाणी द्या," आणि भाऊ उठले.

शिमग्याच्या दोन-तीन दिवस आधी त्या गेल्या. शेवटपर्यंत दोघं बोलत होते, बागेचं, ऋजुताचं, शाळेतल्या मुलांचं. त्या उजेडाचा विषय पुन्हा निघाला नाही. ऋजुता पोचेपर्यंत अग्नी द्यायचं थांबवलं होतं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी आमच्याकडे घरोघर येते, अंगणात नाचते, घरच्या बाईने ओटी भरायची. त्या वर्षी बेहेऱ्यांकडे सुतक. त्यांच्या घरासमोर आल्यावर ढोल थांबवले आणि पालखी तशीच पुढे आमच्या अंगणात आणली. मी ओटी भरली. गडग्यापलीकडे भाऊ उघड्या दारात उभे होते, त्यांनी तिथूनच हात जोडले.

भाऊंबद्दल गावात आता दोन मतं आहेत. गंगुबाई म्हणते, मरत्या मानसाला येवढा तोडून बोलतात काय? शुभंकर म्हणतो, शेवटी खरंच बोलले, तेच पुण्य. मी विचार करते तेव्हा मला कुणाचंच पुरतं पटत नाही. भाऊ खोटं बोलले तेव्हा ताई दुखावल्या, आणि खरं बोलले तेव्हा पण दुखावल्या. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी त्या एकट्या नव्हत्या. एवढा फरक पुरे का, ते देवाला माहीत. मला अजून कळलेलं नाही.

त्या पावसाळ्यानंतर भाऊंनी बाग कराराने देऊन टाकली. बाबल्याला ते आवडलं नाही, पण तोही थकला होता. ह्या जानेवारीत चांगली थंडी पडली, कलमं मोहराने भरून गेली. एका संध्याकाळी भाऊ आमच्या पडवीत येऊन बसले. हल्ली असेच येतात. गडग्यापलीकडे करारवाल्याची माणसं पंप घेऊन फवारत होती, आणि वारा आमच्या दिशेने असल्याने औषधाचा वास आमच्यापर्यंत येत होता.

माझे यजमान सहज म्हणाले, "ऋजुता सारखी बोलावते म्हणालात ना? जाऊन या की पुन्हा. हवापालट होईल."

"हो, जाता येईल," भाऊ म्हणाले. "आता काय, जानेवारीत मोकळाच असतो मी."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आत चहा टाकायला उठले. माझ्या मागे भाऊंचा आवाज आला, स्वतःशीच बोलल्यासारखा, "वारा पडल्याशिवाय मारू नये. अर्धं औषध फुकट जातंय." आता उठून त्या माणसांना सांगायला जातील, खुर्ची सरकल्याचा आवाज येईल म्हणून मी दारात थांबले. पंप चालू होता. भाऊ तसेच बसून होते.